तळहातावरच्या जिवाचा आहार

वयोवृद्ध रुग्णांना त्यांच्या घरी जाऊन तपासण्याचा परिपाठ मी अद्याप सोडलेला नाही. दवाखान्यात समोर बसलेला रुग्ण स्वतःविषयी जे सांगत नाही, ते पुष्कळदा त्याचे घर सांगते. गोळ्यांच्या डबीतला कोणता वार तसाच भरलेला राहिला आहे, चहाच्या कपाशेजारी कोणता डबा उघडा आहे, दुपारचे ताट कितपत रिकामे झाले आहे, या गोष्टी मला रक्तदाबाच्या आकड्याइतक्याच मोलाच्या वाटतात. गेल्या काही वर्षांत या घरांमध्ये एक नवा रहिवासी भेटू लागला आहे. खिडकीपासून थोडा दूर ठेवलेला जाळीचा पिंजरा, तळाशी लाकडाचा भुसा, एका बाजूस फिरते चाक, आणि भुशात अंग मुडपून दिवसभर झोपलेला, मोठ्या लिंबाएवढा एक केसाळ जीव. हा ड्वार्फ हॅम्स्टर.

बहुधा तो नातवंडांच्या हट्टापायी आलेला असतो. पुढे नातवंडे शिक्षणासाठी परगावी जातात आणि पिंजरा आजी-आजोबांच्या स्वाधीन होतो. घरच्यांनाही ही व्यवस्था सोयीची वाटते. त्याला फिरवून आणावे लागत नाही, तो भुंकत नाही, मूठभर दाण्यांवर त्याचे दोन-चार दिवस निघतात. यात तथ्य आहे. वृद्धांच्या एकटेपणाला अशा सोबतीचा आधार मिळताना मी पाहिले आहे. मात्र त्याला खायला काय घालायचे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत मायेने दिले जाते, माहितीने क्वचितच. मी माणसांचा डॉक्टर आहे. प्राण्यांच्या आजारांत अंतिम शब्द पशुवैद्यांचाच. परंतु या चिमुकल्या जिवाचा आहार माझ्या रुग्णांच्या आहारात असा काही गुंतलेला आढळला, की त्याविषयी वाचणे आणि विचारणे मला भाग पडले.

ड्वार्फ हॅम्स्टर ही एकच जात नव्हे. कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की या तीन जाती या नावाने ओळखल्या जातात. पहिल्या दोन साधारणतः ३० ते ५० ग्रॅम वजनाच्या. रोबोरोव्स्की त्याहून लहान, २०-२५ ग्रॅमचा. मंगोलिया, उत्तर चीन, कझाकस्तान आणि सायबेरिया यांमधील कोरडी गवताळ मैदाने व अर्धवाळवंटे हे त्यांचे मूळ घर. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो आणि अन्न मिळते ते तुटपुंजे: गवताचे बी, रानटी झुडपांची पाने, आणि सापडले तर किडे. पिकलेले गोड फळ ही तिथली नित्याची वस्तू नव्हे. अशा टंचाईत तगण्यासाठी घडलेल्या शरीरापुढे रोज केळे, गूळ आणि बिस्किटे येऊ लागली, की काय होते, हे सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

या कुळात मधुमेह आढळतो. कॅम्पबेल जातीत त्याचा कल विशेष असतो आणि बाजारात येणारे पुष्कळसे हॅम्स्टर हे कॅम्पबेल व विंटर व्हाइट यांच्या संकरातून झालेले असतात. नुसत्या रूपावरून जात ओळखणे अवघड असल्यामुळे, घरी आलेला प्रत्येक ड्वार्फ हॅम्स्टर मधुमेहाकडे झुकणारा आहे असे धरून चालणे शहाणपणाचे. याच नावाखाली कधीकधी विकला जाणारा चायनीज हॅम्स्टर वेगळ्या कुळातला. त्याच्यातला आनुवंशिक मधुमेह १९५९ सालीच शास्त्रज्ञांनी नोंदवला होता. या प्राण्याचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे. त्याच्या बीजकोशातून घेतलेल्या पेशी १९५७ च्या सुमारास प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या आणि त्यांच्याच वंशावळीतील पेशींचा उपयोग करून आज एरिथ्रोपोएटिन हे औषध तयार केले जाते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे रक्त कमी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या कितीतरी वृद्धांना हे इंजेक्शन मिळते. ज्या घरात ते घेतले जाते, तिथे मी ही हकीकत आवर्जून सांगतो.

आता ज्या घरामुळे हा विषय माझ्यापुढे आला, त्याविषयी. पती अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मधुमेहाला वीस वर्षे झालेली. पत्नी त्र्याहत्तरच्या, गुडघेदुखीने जिना टाळणाऱ्या. नात शिकायला बंगळुरूला गेली आणि तिचा हॅम्स्टर इथे राहिला. काकूंनी त्याचे नाव ‘तिळ्या’ ठेवले होते. एका भेटीत काकांचा रक्तदाब घेऊन झाल्यावर काकूंनी विचारले, “डॉक्टर, या तिळ्याकडे जरा बघाल का? हल्ली फार पाणी पितोय. पूर्वी सकाळी बघावं तर बाटलीतलं पेरभर पाणी कमी झालेलं असायचं. आता निम्मी बाटली संपते. कोपऱ्यातला भुसा तर ओलाकच्च असतो.”

काका वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “उन्हाळा आहे. तहान लागणारच.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकले होते. दोन महिन्यांपूर्वी रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते असे काकूंनी सांगितले, तेव्हा त्यांनी थंडीचे कारण दिले होते. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी त्या वेळी ८.९ आली होती.

चाळीस ग्रॅमचा निरोगी हॅम्स्टर दिवसाला साधारण चमचाभर, म्हणजे चार-पाच मिलिलिटर पाणी पितो. त्याच्या कित्येक पट पाणी जाऊ लागणे, भुसा सतत ओला राहणे, खाणे चालू असूनही अंग उतरणे आणि पूर्वीसारखे चाकावर न धावणे, ही लक्षणे मधुमेहाची असू शकतात. माणसाच्या पाठ्यपुस्तकातली यादी हीच आहे. नातीने बंगळुरूहून फोनाफोनी करून लहान प्राणी तपासणारे पशुवैद्य शोधून दिले. त्यांनी लघवीच्या थेंबात पट्टी बुडवून पाहिली; साखर होती. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या: गोड सर्व बंद, आणि पाणी मात्र मुळीच कमी करायचे नाही. दुसरी सूचना वाचकांनीही ध्यानात ठेवावी. भुसा भिजतो म्हणून पाण्याची बाटली काढून ठेवणे अशा प्राण्याच्या जिवावर बेतते.

तिळ्याला गोड मिळत होते तरी कोठून? काकू पिंजऱ्यात दुकानातून आणलेले तयार खाद्य घालीत. पण दुपारी चारच्या चहाला काका ग्लुकोजचे बिस्किट मोडत, एक तुकडा जाळीतून आत सरकवत आणि उरलेले स्वतः खात. “तो एकटा थोडाच खाईल,” असे त्यांचे स्पष्टीकरण होते. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पथ्याला पडलेली फट त्या तिळ्याच्या निमित्ताने रोज रुंदावत होती. अर्थात सगळा दोष बिस्किटाचा नव्हे. आनुवंशिक कल असलेल्या प्राण्याला बिस्किट न देताही मधुमेह होऊ शकतो. रोजच्या साखरेने त्याची वाट सोपी होते, एवढेच निश्चित म्हणता येते.

काका गणिताचे शिक्षक असल्यामुळे मी त्यांच्यापुढे हिशेब मांडला. बिस्किट सुमारे चार ग्रॅमचे, तिळ्या चाळीस ग्रॅमचा. एक पूर्ण बिस्किट म्हणजे त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसासमोर हे प्रमाण ठेवले, तर ती सहा किलो बिस्किटे झाली. पाव बिस्किट दिले, तरी दीड किलो. लहान प्राण्याचे शरीर वजनाच्या मानाने अन्न अधिक वेगाने वापरते, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. परंतु ‘एवढासा तुकडा’ या शब्दांचा अर्थ तिने बदलतो. काकांनी चष्मा काढून पुसला आणि मनाशी पुन्हा गुणाकार करून पाहिला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मी अपेक्षिलेला नव्हता: “मग माझी साखरेची गोळी याला चतकोर करून घालू का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात औषध आहे, आजाराचे नाव तेच आहे, आणि पशुवैद्य दूर आहेत. अशा वेळी ही कल्पना कोणाच्याही मनात येऊ शकते. पुन्हा हिशेबच केला. मेटफॉर्मिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर म्हणजे १२५ मिलिग्रॅम. चाळीस ग्रॅमच्या जिवाला तो देणे, हे वजनाच्या प्रमाणात साठ किलोच्या माणसाने एकाच बैठकीत पावणेचारशे गोळ्या गिळण्यासारखे आहे. माणसाचे कोणतेही औषध, मग ते साखरेचे असो, तापाचे असो वा आयुर्वेदिक म्हणून निरुपद्रवी मानलेले असो, पाळीव प्राण्याला घरच्या घरी देऊ नये. आणि गोळ्यांची पाकिटे पिंजऱ्याजवळ ठेवू नयेत, हेही जोडून सांगतो. कारण जाळीतून ओढून घेता येईल ते सारे हा प्राणी ओढून घेतो.

तर मग त्याला द्यावे काय? आहाराचा मुख्य भाग म्हणून हॅम्स्टरसाठी बनवलेल्या, सर्व घटक एकाच गोळीत असलेल्या चांगल्या खाद्यगोळ्या द्याव्यात. पाकिटावर प्रथिने साधारण १६ ते २० टक्के आहेत ना, हे पाहून घ्यावे. बाजारात रंगीबेरंगी मिश्र खाद्यही मिळते. त्याची अडचण अशी की, आपण चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून खातो, तसा हा प्राणी त्यातल्या सूर्यफुलाच्या बिया आणि मका तेवढा वेचतो व सकस भाग तसाच टाकतो. मिश्र खाद्य द्यायचेच असेल, तर पहिले संपल्यावाचून दुसरे घालू नये, आणि त्यात सुकवलेली फळे, मध किंवा काकवी नाही, याची खात्री करावी. चाळीस ग्रॅमच्या प्राण्याला दिवसाला एक ते दोन लहान चमचे कोरडे खाद्य पुरते. तो संध्याकाळनंतर जागा होतो, म्हणून ते दिवेलागणीला घालावे. खाद्य बदलताना एकदम बदलू नये; आठ-दहा दिवसांत जुन्याचे प्रमाण कमी करीत नवे वाढवावे.

आपल्या स्वयंपाकघरातही त्याला चालण्याजोगे पुष्कळ आहे. राळे, बाजरी, ज्वारी यांचे थोडे दाणे, बिनमिठाचे व बिनसाखरेचे ओट्स. हे सर्व अर्थातच गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. कोथिंबिरीचे पान, काकडीचा पातळ काप, ब्रोकोली किंवा फ्लॉवरचा लहानसा तुरा हे आठवड्यातून दोन-तीनदा द्यावे. आकार आपल्या करंगळीच्या नखाएवढा. भाजी धुऊन, पुसून, फ्रीजमधली असेल तर तिचा गारवा घालवून द्यावी. एका वेळी एकच नवी वस्तू द्यावी, म्हणजे पोट बिघडले तर कारण कळते. प्रथिनांसाठी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा वाटाण्याएवढा तुकडा, बिनमिठाचे पनीर त्याच मापाचे, किंवा मोड आलेल्या मुगाचे एक-दोन दाणे आठवड्यातून एकदा-दोनदा चालतात. सूर्यफुलाची किंवा भोपळ्याची बी आठवड्याला एक-दोन. ती चविष्ट असते, पण तेलकट. रोज दिली तर अंग सुटते.

वर्ज्य पदार्थांची यादी पाठ करण्यापेक्षा तत्त्व समजून घ्यावे. गोड नको: गूळ, साखर, मध, बिस्किट, पेढा तर नाहीच, पण ड्वार्फ जातींना केळे, द्राक्ष, आंबा, मनुका हेही नको, गाजर, बीट व मका हेसुद्धा टाळलेले बरे. खारट-तळकट नको: फरसाण, शेव, पापड, फोडणीचे काहीही. उग्र आणि आंबट नको: कांदा, लसूण, लिंबू, संत्रे. विषारी तर मुळीच नको: चॉकलेट, चहा-कॉफी, सफरचंदाच्या बिया, हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा, टोमॅटोची पाने-देठ, कच्चा राजमा. आणि चिकट नको, कारण त्याचे कारण त्याच्या गालात आहे.

हॅम्स्टरच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत पोहोचणाऱ्या पिशव्या असतात. तो वाडग्यातले अन्न तिथे भरतो आणि घरट्यात नेऊन साठवतो. जर्मन भाषेत साठेबाजी करण्याच्या क्रियापदाला याच प्राण्याचे नाव मिळाले आहे. चिकट किंवा टोकदार पदार्थ या पिशवीत अडकला, तर आतली त्वचा सुजते. पण पिशव्यांचा व्यवहारातला खरा धडा निराळा आहे: वाडगा रिकामा झाला, याचा अर्थ त्याने खाल्ले असा होत नाही. रिकामा वाडगा पाहून पुन्हा भरणारी माणसे त्याला नकळत भुशाखाली कोठार बांधून देतात, आणि ओली भाजी तिथे कुजते. म्हणून भुसा दर दोन दिवसांनी चाचपून ओले तेवढे काढून घ्यावे. कोरडा साठा संपूर्ण उपसू नये. त्यावर त्याची निश्चिंती अवलंबून असते.

इथे मला शुश्रूषा करणाऱ्या वाचकांशी थोडे थांबून बोलायचे आहे. ताट रिकामे झाले म्हणजे जेवण झाले, हा समज माणसांच्या बाबतीतही फसवा ठरतो. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना घास तोंडात आहे हे उमगत नाही, किंवा तो गिळण्याची क्रिया सुरूच होत नाही. घास गालात साठून राहतो. तसेच आडवे केले, तर तो श्वसनमार्गात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशा रुग्णाला सरळ बसवून, लहान घास देऊन, प्रत्येक घासानंतर गिळल्याची खात्री करावी. जेवण संपल्यावर बोटाने नव्हे, तर ओल्या मऊ ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने गालाची आतली बाजू साफ करावी. बोट घातल्यास दाताखाली सापडते. त्यानंतर अर्धा तास तरी झोपवू नये. वारंवार ठसका लागणे, जेवताना आवाज ओलसर होणे, विनाकारण ताप येत राहणे, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना कळवावे. एका सूनबाईंनी मला सासूबाईंविषयी सांगितले होते, “आई जेवतात व्यवस्थित, पण वजन काही राहत नाही.” त्यांच्या गालात सकाळच्या उपम्याचा गोळा दुपारपर्यंत तसाच होता.

दातांचेही तसेच. हॅम्स्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. कठीण खाद्य आणि कुरतडायला रंग न दिलेले लाकूड मिळाले, तरच ते झिजून मापात राहतात. दात वाढले, की तो दाणा उचलतो आणि टाकून देतो, हनुवटी लाळेने ओली राहते. म्हातारपणी माणसाचे दात वाढत नाहीत, पण हलतात, पडतात, कवळी सैल होते; आणि भाकरी-उसळीची जागा हळूहळू चहा-बिस्किट, खारी, टोस्ट घेऊ लागतात. घरचे म्हणतात, “आजोबांना आता हेच आवडतं.” आवड बदललेली नसते, चावणे जमेनासे झालेले असते. वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे. चहात बुडवलेल्या बिस्किटातून ही प्रथिने येत नाहीत. मऊ मुगाची खिचडी, घट्ट वरण, ताक, दही, मऊ उकडलेले अंडे यांतून येतात, आणि दंतवैद्याकडे घालवलेल्या एका सकाळीतून पुन्हा भाकरीही येऊ शकते.

तिळ्यासाठी काकांनी वजनाची वही सुरू केली. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, त्यावर छोटी वाटी, दर रविवारी संध्याकाळी सहाला. चाळीस ग्रॅमच्या प्राण्याचे चार ग्रॅम कमी होणे डोळ्यांना दिसत नाही, पण तो त्याच्या शरीराचा दहावा हिस्सा असतो. मी त्यांना सुचवले की, त्याच वहीत शेजारचा रकाना स्वतःसाठी आखावा. वृद्ध व्यक्तीचे वजन सहा ते बारा महिन्यांत काही कारण नसताना पाच टक्क्यांहून अधिक उतरले, तर त्याची तपासणी झालीच पाहिजे. साठ किलोला हे तीनच किलो. सैल झालेली अंगठी आणि पुढच्या भोकात गेलेला पट्टा हे घरच्यांच्या ध्यानात येते, पण फार उशिरा; वहीत ते आधी दिसते.

काळजीचे आणखी काही मुद्दे आहेत, ते वृद्धांच्या घराला विशेष लागू पडतात. पिंजऱ्याला, खाद्याला किंवा भुशाला हात लावल्यानंतर साबणाने हात धुवावेत. अशा प्राण्यांपासून साल्मोनेलासारखे जंतू येऊ शकतात. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाने पिंजऱ्याची सफाई स्वतः करू नये. घरात गर्भवती असेल, तर तिनेही कृंतक प्राण्यांपासून दूर राहावे. पिंजरा स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नये. खाद्याचा डबा घट्ट झाकणाचा असावा, कारण सांडलेल्या दाण्यांवर बाहेरचे उंदीर-घुशी येतात आणि त्यांच्या मूत्रातून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका संभवतो. पाण्याच्या बाटलीची नळी रोज बोटाने दाबून पाहावी. आतला मणी अडकला, तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. वैशाखात पिंजरा खोलीतल्या सर्वांत गार कोपऱ्यात हलवावा. तीस अंशांच्या वरचे तापमान त्याला सोसत नाही.

बिस्किटाचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. तिळ्याचे बिस्किट त्याच दिवशी बंद झाले. काकांचे झाले नाही. दुपारी चार वाजता ते पिंजऱ्यापाशी जाऊन बसत आणि हात रिकामा म्हणून अस्वस्थ होत. “काही न देता नुसतं बघत काय बसायचं?” असे ते काकूंना म्हणाले. मला त्या वाक्यात पथ्यापेक्षा मोठी अडचण दिसली. या गृहस्थांनी आयुष्यभर दिले होते: विद्यार्थ्यांना शिकवणीची फी न घेता शिकवले, मुलांची शिक्षणे केली, नातीला शाळेतून आणताना रोज खाऊ घेतला. आता त्यांना गोळ्या दिल्या जात होत्या, जेवण वाढले जात होते, रस्ता ओलांडताना हात दिला जात होता. घरात त्यांच्या हाताकडे आशेने पाहणारा एकच जीव उरला होता. त्यांच्याकडून बिस्किट काढून घेताना देण्याचा अधिकारही आपण काढून घेत आहोत, हे ध्यानात आल्यावाचून त्यांचे पथ्य जमण्यासारखे नव्हते.

म्हणून काकूंनी वेळ तीच ठेवून वस्तू बदलली. दिवसाच्या वाट्यातल्याच दोन-तीन खाद्यगोळ्या चारच्या सुमारास काकांच्या हाती येऊ लागल्या. कधी काकडीचा काप, कधी मुगाचा एक मोड. ते गोळ्या भुशात निरनिराळ्या जागी पुरून ठेवत, कारण शोधून खाण्यात त्या प्राण्याचा व्यायाम होतो, हे त्यांना पटले होते. कापलेल्या काकडीची उरलेली फोड आणि वाटीभर मोडाची उसळ त्यांच्या स्वतःच्या बशीत असे. चहा राहिला, तो बिनसाखरेचा झाला. बिस्किट आठवड्यातून दोनदा आले, लपवून नव्हे. पुढच्या तपासणीत त्यांचा आकडा ८.१ आला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, वीस वर्षांच्या मधुमेहात, साखर अति खाली येऊन चक्कर येणे व पडणे हा धोका मोठा असतो. त्यामुळे मी त्याहून फार खाली जाण्याचा आग्रह धरला नाही.

तिळ्याचे वजन छत्तीस ग्रॅमवर स्थिरावले आणि तो आणखी पाच महिने जगला. ड्वार्फ हॅम्स्टरचे आयुष्य साधारण दीड-दोन वर्षांचे असते, क्वचित तीन. नातवंडांच्या पाठीमागे पिंजरा सांभाळणाऱ्या वृद्धांना ही गोष्ट कोणीतरी आधीच सांगून ठेवायला हवी. नाहीतर एके सकाळी तो हलेनासा झाला, की आपल्याच हातून काही कमी-जास्त झाले, ही रुखरुख त्यांना खात राहते. काकूंनी मला फोन करून तेच विचारले. मी त्यांना वही उघडायला सांगितली. बाविसाव्या रविवारपर्यंतच्या नोंदी तीत होत्या, आणि त्याच्या वयाला दोन वर्षे होऊन गेली होती.

ज्या घरात असा पिंजरा वृद्धांवर सोपवायचा आहे, त्या घरातील तरुणांनी जाण्यापूर्वी एवढे करावे. एका कागदावर मोठ्या अक्षरांत खाद्याचे नाव, चमच्याचे माप, वर्ज्य पदार्थ आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी लिहून तो फ्रीजवर लावावा. मापाचा चमचा डब्यातच ठेवावा. पिंजऱ्याची साप्ताहिक सफाई कोण करणार, हे ठरवावे. वाकून भुसा उपसणे दुखऱ्या गुडघ्यांचे काम नव्हे. वजनाच्या वहीत दोन रकाने आखून द्यावेत. आणि संध्याकाळचे दाणे मात्र आजी-आजोबांच्याच हातून पडू द्यावेत. काकांच्या वहीत पहिला रकाना आता रिकामा असतो. दुसऱ्यात दर रविवारी सहाला आकडा पडतो. गेल्या भेटीत तो एकसष्ट किलो होता.